हा वेळ रिकामा नव्हे!

फराळाची ताटे उचलली जातात, मंडळी जरा हातपाय पसरून बसतात, आणि आपल्याकडे बोलणे हमखास पुढच्या मे महिन्यावर येते. कोणी महाबळेश्वर म्हणते, कोणी मामाचे गाव, कोणी कुलदैवताचे राहिलेले दर्शन. जायचे कोठे, उतरायचे कोणाकडे, खर्च किती, या सगळ्याचा खल होतो. एका गोष्टीचा मात्र कधीच होत नाही. त्या साऱ्या सुट्टीत घरातल्या बाईचे स्वतःचे असे काही असणार आहे की नाही? हा प्रश्न मी आज जरा भांडणाच्या आवाजातच विचारणार आहे, आणि तोही एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूच्या निमित्ताने. ती वस्तू म्हणजे प्रवासाच्या पिशवीतली विणकामाची सुई, आणि तिची थोरली बहीण टकळी.

मी शाळेत शिकवते आणि कादंबऱ्या लिहिते. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा विद्वानांचा युक्तिवाद माझ्याकडून कोणी अपेक्षू नये. पण माझे सासर वर्ध्याकडचे आणि माहेर तळकोकणात कुडाळच्या बाजूला. दर मे महिन्यात एक रात्र आणि एक दिवस गाडीत काढल्याशिवाय मला आई भेटत नाही. या वाटेवर मी आजवर किती झबली, टोपडी, मोजे विणले आणि किती गुंड्या सूत कातले, याची मोजदाद ठेवलेली नाही. ते करताना मी जे जे ऐकले त्याची मात्र मोजदाद माझ्यापाशी पक्की आहे. त्या ऐकलेल्याला आज उत्तर देते.

पहिले वाक्य गाडी सुटून अर्धा तास झाला की येते. "अगं, सुट्टीला निघालोय ना आपण? आता तरी ते ठेव. बाहेर बघ किती छान आहे!"

बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, हे मला ठाऊक आहे. पण त्याच वेळी आसपास जरा नजर फिरवा. त्याच बाकावरची चार माणसे माना मोडून मोबाईलच्या काचेत बघत असतात. त्यांना कोणी म्हणते का, की बाहेर बघा, घाट सुरू झाला? एक जण पेंगतो आहे, त्याला कोणी हलवून उठवते का? खिडकीबाहेरच्या सृष्टीसौंदर्याची आठवण नेमकी जिचे हात चालले आहेत तिलाच करून द्यावीशी वाटते. हे कोडे मला कित्येक वर्षे पडले होते. आता मला वाटते, घरातल्या बाईचे हात चाललेले बघायची आपल्याला सवय आहे, पण ते आपल्यासाठी चाललेले बघायची. ते तिच्यासाठी चालले की डोळ्यांत कसे खुपते!

शिवाय हे बोलणाऱ्यांना विणकामातले ओ की ठो कळत नाही, हेही सांगून टाकते. सुलट टाक्याची साधी ओळ ही बघून विणायची गोष्टच नव्हे. सवयीच्या हाताला टाका बोटांच्या टोकांनी कळतो. डोळे मोकळेच असतात. १९९८ साली सुरू झालेल्या कोकण रेल्वेच्या वाटेवर ९२ बोगदे आहेत, आणि रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. बोगद्यात गाडी शिरली की बाहेर बघणाऱ्यांना काचेत स्वतःचेच तोंड दिसते. माझी ओळ मात्र तशीच पुढे सरकत असते, आणि उजेड आला की नदी, माड, कौलारू घरे, सारे मला इतरांइतकेच दिसते. किंबहुना थोडे अधिकच दिसते, कारण ज्याचे हात कामात असतात त्याचे मन खिडकीपाशी स्वस्थ बसू शकते.

हे काही मी शोधून काढलेले नाही. हिमाचलातला गद्दी मेंढपाळ मेंढ्यांमागे डोंगर चढताना टकळीवर लोकर कातत असतो. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातल्या बायका वाटेने चालता चालता टकळी फिरवतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटे आहेत. तिथल्या बायका पाठीवर जळणाच्या टोपल्या घेऊन जात आणि कमरेच्या पट्ट्यात एक सुई खोचून चालता चालताच विणत. या लोकांना डोंगर आणि समुद्र दिसत नव्हते, असे कोण म्हणेल? विणणे आणि कातणे ही मुळात वाटेवरचीच कामे आहेत. ती घरातल्या कोपऱ्यात बसून करायची, ही समजूत अलीकडची.

दुसरे वाक्य व्यवहारी माणसांचे. "एवढा जीव कशाला आटवता? बाजारात याहून स्वस्त मिळतं की!"

मिळते. मी नाही कुठे म्हणते? उलट हिशेब मीच मांडून दाखवते, त्यात लपवण्यासारखे काही नाही. वर्षाच्या मुलाचा स्वेटर घ्या. घेर बावीस इंच, उंची अकरा इंच, दोन लहानशा बाह्या. इंचाला पाच टाके आणि सात ओळी धरल्या तर एका चौरस इंचात पस्तीस टाके होतात. सगळे मिळून बारा हजारांच्या आसपास. माझा हात मिनिटाला वीस टाके घालतो. म्हणजे झाले दहा तास. मुंबईहून कुडाळला पोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

सुताचा हिशेब तर याहून वाईट. चार फुटांचा एक तार, आणि ६४० तारांची एक गुंडी, हे जुने माप. टकळीवर माझा वेग तासाला शंभर तार. म्हणजे एका गुंडीला साडेसहा तास, आणि वीस नंबरच्या सुताच्या त्या गुंडीचे वजन जेमतेम दोन तोळे! एका सदऱ्याचे कापड व्हायला अशा चौदा-पंधरा गुंड्या हव्यात. नव्वदाहून अधिक तास झाले, आणि अजून विणकराच्या मागावर सूत चढलेलेही नाही. कोणत्याही दुकानदाराने हा हिशेब बघितला तर तो कपाळावर हात मारून घेईल.

पण मग मलाही एक हिशेब विचारू द्या. महाबळेश्वरला सूर्यास्त बघायला आपण सहकुटुंब जातो. त्या एका सूर्यास्ताला माणशी किती रुपये पडले, हे परत आल्यावर कोणी वहीत मांडते का? आपल्या गच्चीवरून तो फुकट दिसत होता, असे कोणी म्हणते का? नाही. कारण तो आनंद होता, आणि आनंदाचा भाव काढायचा नसतो, एवढे आपल्याला कळते. पुरुषाने पत्ते कुटले, मुलांनी समुद्रावर वाळूचे किल्ले केले, तर त्यातून काय निघाले, असे आपण विचारत नाही. बाईने टकळी हातात घेतली की मात्र लगेच तागडी बाहेर येते. जिच्या हाताच्या कामाला घरात कधी दाम मिळाला नाही, तिच्याच आनंदाला तेवढा दाम लावायचा, हा न्याय मला मान्य नाही.

आणि प्रवासात कातण्याला या देशात कधी काळी किती मान होता, हे आपण विसरलो काय? १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी पेटीत मावेल अशा चरख्यावर खटपट केली, आणि त्यालाच पुढे येरवडा चक्र हे नाव मिळाले. मिटली की पुस्तकासारखी काखेत मारावी, उघडली की मांडी घालून कातायला बसावे, अशी ती पेटी. ती पेटी कशासाठी? प्रवासासाठीच ना? १९३१ साली गोलमेज परिषदेला जाताना राजपुताना बोटीच्या डेकवरही गांधीजी कातत होते. अरबी समुद्राकडे बघा हो, असे त्यांना कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही!

थोर पुरुषाने प्रवासात सूत कातले की ते व्रत. आमच्या घरातल्या बाईने कातले की तो चाळा. हा फरक कोणी केला?

त्याच काळातली आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नसते. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये असे ठरले होते की सभासदाने वर्गणी म्हणून महिन्याला २००० वार सूत द्यावे. पण ज्याला स्वतः कातायचे नसेल त्याने दुसऱ्याने कातलेले सूत दिले तरी चालेल, अशी सवलतही ठेवली होती. ही सवलत घेणाऱ्या सभासदांच्या घरी ते सूत कोणी कातले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. गांधीजींच्या स्वतःच्या ध्यानात मात्र ही गोष्ट होती. कातणारणीला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल, असा आग्रह त्यांनी १९३५ साली धरला. हाताच्या कामाचे गोडवे गायचे आणि हाताला काहीच द्यायचे नाही, हे त्यांना पटत नव्हते.

यावरून मी तिसऱ्या वाक्याकडे येते. हे वाक्य सर्वांत गोड आहे, आणि माझ्या मते सर्वांत घातकी. "आमच्या सूनबाईंचा हात म्हणून कधी रिकामा दिसायचा नाही!"

पहिली दोन वाक्ये निदान उघड उघड विरोधाची असतात. हे तिसरे वाक्य पाठीवर हात फिरवत येते आणि तुमच्या पिशवीतली सुई हळूच काढून घेते. ती कशी, ते माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या गोष्टीवरून सांगते.

जाऊबाईंचा हात आमच्या साऱ्या गोतावळ्यात नामांकित. टाका असा एकसारखा, की यंत्राने लाजावे. लग्नानंतर पंधरा-सोळा वर्षांनी त्यांनी प्रथमच स्वतःसाठी लोकर घेतली. समुद्राच्या पाण्यासारखा निळाहिरवा रंग. त्या मे महिन्यात आम्ही सगळे मिळून पचमढीला निघालो, तेव्हा गाडीत त्यांनी शालीचे टाके घातले. परत येईपर्यंत शाल हातभर झाली होती. घरी आल्यावर नणंदेने ती बघितली. सासूबाई म्हणाल्या, "मोठी, रंग किती गोड आहे गं! हिच्या बाळाला यातलं झबलं-टोपडं कर. तुझ्या शालीला काय, पुढच्या सुट्टीत होईल. तुझा हात काय, चालतो नुसता!" शाल उसवली गेली. बाळाचे झबले झाले, आणि सर्वांनी तोंड भरून कौतुक केले.

पुढच्या मे महिन्यात उरलेल्या लोकरीत भर घालून त्यांनी पुन्हा टाके घातले. या वेळी दिरांच्या वरिष्ठांच्या घरी बारसे निघाले. तिसऱ्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी कोणाच्या तरी मुलीला तोच रंग हवा झाला. उसवलेली लोकर नागमोडी होते. तिची लड करून, धुऊन, खाली वजन बांधून टांगावी लागते, तेव्हा कुठे ती पुन्हा सरळ होते. आमच्या मागच्या पडवीत ती लड टांगलेली मी तीन उन्हाळे बघितली आहे. चौथ्या वर्षी जाऊबाईंनी सुया फडक्यात गुंडाळून माळ्यावरच्या ट्रंकेत टाकल्या. मी कारण विचारले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, मला विणायला आवडतं. विणायला लावलेलं आवडत नाही."

सासूबाई दुष्ट नव्हत्या. नणंद लोभी नव्हती. कोणी आवाज चढवला नाही, कोणी हिसकावून घेतले नाही. सगळे काही कौतुकाने झाले. आज जाऊबाई साठीच्या घरात आहेत. थंडीत त्या एक विकतची शाल पांघरतात, आणि घरातली मंडळी अजूनही पाहुण्यांना सांगतात, "हिचा हात म्हणून कधी रिकामा दिसायचा नाही!"

दुसऱ्यासाठी विणू नये असे माझे म्हणणे आहे, असा अर्थ मात्र यातून काढू नये. दुसऱ्यासाठी विणण्यासारखे सुख नाही. १९६२ साली चीनच्या आक्रमणाच्या वेळी देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. ज्या बाईने तो विणला तिला तो घालणारा कधी दिसणार नव्हता, त्याचे नावही कळणार नव्हते. तरी माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका त्या हिवाळ्याची गोष्ट म्हातारपणापर्यंत अभिमानाने सांगत. कारण ते देणे होते. ते घेणे नव्हते. देणाऱ्याचा हात आणि ज्याच्याकडून काढून घेतले त्याचा हात, दोन्हींतून स्वेटर सारखाच दिसतो. पण ते दोन हात सारखे नसतात.

आता आमच्याच बाजूच्या काही शिकल्यासवरल्या भगिनींचे ऐकावे लागेल. त्या म्हणतात, "हे सगळं टाकूनच द्या की! सुई, टकळी, भरतकाम, या बायकांच्या पायातल्या बेड्याच आहेत. सुट्टीला जा, पाय पसरून बसा, पुस्तक वाचा." हे बोलणे दिसायला मोठे मोकळे आहे. पण मला त्यात जुनाच आवाज ऐकू येतो. कालपर्यंत सांगत होते, बाईने विणलेच पाहिजे. आज सांगतात, बाईने विणताच कामा नये. दोन्ही वेळा सांगणारा दुसराच! वाचायला मलाही आवडते, लिहिणे तर माझा धर्म आहे. पण भरधाव गाडीत हलणारी अक्षरे वाचून ज्यांचे डोके दुखते, त्यांचे काय? आणि ज्या बाईला दिवसभर शब्दांचाच मारा सोसावा लागतो, तिला दोन घटका शब्दांवाचून बसावेसे वाटले तर तिने काय करावे?

बेडी कोणती आणि छंद कोणता, हे ओळखायची माझी एक साधी खूण आहे. जे काम अर्धे टाकून उठता येते, आणि का टाकले असे कोणी विचारत नाही, ते आपले काम. स्वयंपाक अर्धा टाकता येत नाही. पाहुण्यांचे अंथरूण अर्धे घालता येत नाही. शाळेतल्या उत्तरपत्रिका अर्ध्या तपासून चालत नाही. माझी टकळी मात्र मी गाडीत अर्ध्या पेळूवर थांबवू शकते, आणि मग खुशाल बाहेर बघू शकते. ही थांबण्याची मुभा गेली, "बारशाच्या आत झालं पाहिजे हं" अशी तारीख लागली, की त्याच सुईची बेडी होते. सुई बदलत नाही, लोकर बदलत नाही, टाकाही तोच राहतो.

आणि हे सुख बायकांपुरतेच का ठेवावे? १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नव्या तालीमची योजना निघाली, तेव्हा त्या अभ्यासक्रमात कातणे मुलग्यांना आणि मुलींना सारखेच होते. आमच्या शाळेत मी सातवीच्या वर्गात टकळ्या नेते, तेव्हा पहिल्या आठवड्यात मुलगे खिदळतात आणि तिसऱ्या आठवड्यात तेच मुलींच्या पुढे असतात. एक मुलगा मे महिन्याच्या सुट्टीत टकळी मागून घेऊन गेला. जूनमध्ये त्याने सव्वा गुंडी सूत आणून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "बाई, एस.टी.त नाही जमत. गचक्यानं तुटतं. पण बाबांच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की जमतं." त्या पोराला प्रवास आणि कातणे यांचा मेळ कसा घालायचा, हे कोणी न सांगता कळले होते. ते मोठ्यांना का कळू नये?

तेव्हा मेळ कसा घालावा, हेही सांगते. नुसते भांडून खाली बसणे शिक्षिकेला शोभत नाही.

वाट बघून काम निवडावे. एस.टी.त आणि मोटारीत टकळी काढूच नये, आमच्या विद्यार्थ्याचे म्हणणे बरोबर आहे. तिथे जाड लोकरीची साधी सुलट पट्टी बरी. गचका बसला, टाका सुटला, तरी लगेच उचलता येतो. आगगाडीत दिवसा नक्षीचे काम चालते. रात्रीच्या मंद उजेडात काळी किंवा गर्द निळी लोकर घेऊ नये, डोळे फुटतात. दोन टोके तारेने जोडलेली गोल सुई प्रवासाला उत्तम. ती शेजाऱ्याच्या बरगडीत शिरत नाही आणि बाकाखाली घरंगळतही नाही. पेटीचरखा मांडायचा तर खालच्या बाकावर, तोही इतरांची झोपायची वेळ नसताना. कातताना वाऱ्याच्या खिडकीशी बसू नये, पेळू उडतात. पेळू पत्र्याच्या डब्यात ठेवावेत. आणि लोकर त्यांच्याजवळ ठेवू नये, नाहीतर तिचे तंतू कापसात जातात.

हवेचीही ओळख ठेवावी. आमच्या वर्ध्याकडे मे महिन्यात ऊन पंचेचाळीस अंशांवर जाते, तेव्हा कापूस असा कोरडा पडतो की तार हातभर निघाला नाही तोच तुटतो. गिरण्यांत सूत काततात तिथली हवा मुद्दाम दमट ठेवतात, ती याचसाठी. तोच पेळू कोकणात उतरल्यावर हाताला गोडीने सूत देतो. तेव्हा वर्ध्याहून निघताना सुई काढावी आणि माहेरच्या ओटीवर बसून टकळी. कोकणातल्या घामाने लोकर बोटांना चिकटते आणि सुयाही गंजतात, म्हणून तिकडे सुती दोऱ्याचेच विणकाम करावे. उन्हाळ्यात लोकरीचे मोठे काम मांडीवर घेऊन बसण्यात शहाणपण नाही. लहान तुकडे विणावेत, थंडीत जोडावेत.

पण हे सगळे बाईने करायचे झाले. घराने काय करायचे? सगळी सोय तिनेच शोधायची, तिनेच उरलेल्या फटीत आपली सुई बसवायची, आणि घराने नुसते सरकून घ्यायचे, हे चालणार नाही. बाईची सुई सुट्टीच्या फटीत मावते की नाही, हे आपण आजवर बघत आलो. सुट्टीच आखताना त्या सुईला जागा ठेवली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

ही जागा कशी ठेवायची, ते फार अवघड नाही. मुलांचे खाऊचे डबे, पाण्याच्या बाटल्या, औषधे, यांच्या पिशवीत तिची एक पिशवी असू द्या, आणि त्या पिशवीत कोणी फरसाणाचे पुडे कोंबू नका. मुक्कामाच्या ठिकाणी दुपारच्या जेवणानंतर एक तास तिला हाक मारू नका. सुट्टीला गेले की बाईचा स्वयंपाक सुटतो, अशी समजूत आहे. मामाच्या गावाला गेले की तो सुटत नाही. एका चुलीवरून उठून ती दुसऱ्या चुलीपाशी बसते एवढेच. तेव्हा तिथला दुपारचा चहा एखाद्या दिवशी मामांनी करावा! तिच्या हातात लोकर दिसली की "हे कोणासाठी?" असे पहिल्या दमात विचारू नका. विचारायचेच असेल तर "हा टाका कसा घालतात?" असे विचारा, आणि जवळ बसा. आणि उसवायला तर कधीच सांगू नका. रंग कितीही गोड असला तरी!

या दिवाळीत फराळाच्या ताटांभोवती पुढच्या मे महिन्याचे बेत सुरू होतील, तेव्हा एवढे एक वाक्य बोलण्यात घाला. घरातल्या बाईला विचारा, "तुला गाडीत काय करायला आवडेल?" ती "काही नाही" म्हणाली, तर तेही चालू द्या, काही न करण्याचाही तिला अधिकार आहे. ती "झोपेन" म्हणाली, तर तिला खालचा बाक द्या. पण ती जर "विणीन" म्हणाली, तर उजेडाच्या बाजूची जागा तिची. आमच्या घरी मी यंदा हा प्रश्न जाऊबाईंना विचारणार आहे. लोकर आणून ठेवली आहे. रंग तोच.